‘मोडल’ भाव म्हणजे नेमकं काय?



मागच्या महिन्यात कांद्याच्या 60 गोण्या घेऊन वाशी मार्केटला गेलो. (म्हणायचं वाशी, मार्केट आहे तुर्भ्यात.) माल 30 क्विंटल. निघायच्या आधी मोबाईलवर आदल्या दिवसाचे भाव बघितले. क्विंटलला किमान 900, कमाल 2100 आणि तिसऱ्या रकान्यात ‘मोडल’ 1200. हे मोडल काय ते कळेना, म्हणून सोडून दिलं. दोन्ही टोकांची बेरीज करून निम्मे केले आणि 1500 डोक्यात धरून निघालो.

पट्टी आली 1200 नं. म्हणजे माझ्या हिशोबानं 9000 रुपये गेले! आडत्याला चार लोकांत नको ते बोललो. पंधरा वर्षांचा व्यवहार, पण तो गप्प बसला.

रात्री बहिणीकडे कोपरखैरण्याला मुक्काम होता. भाची बारावीला आहे. ती म्हणाली, “मामा, मोडल म्हणजे बहुलक. जो आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो तो.” तिनं कागदावर दहा वक्कल मांडले: 900, 1000, पाच वेळा 1200, मग 1300, 1500 आणि 2100. सगळ्यांची सरासरी 1280. मोडल 1200. आणि माझे 1500? ते फक्त दोन टोकांचे निम्मे. मधल्या आठ वक्कलांना मी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडं एखाद्या वक्कलला 2100 मिळाले की गावभर तोच आकडा फिरतो. पण बहुतेक माल जातो मोडलच्या आसपास.

आता मी असं करतो. आधी मोडल बघायचा, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करायची आणि मग जवळच्या बाजाराशी तुलना करायची. कमाल भाव बघायचा तो प्रतवारी करून किती वर जाता येईल, एवढ्यासाठीच. मात्र मोडल हा सगळ्या मालाचा मिळून असतो. तुमची गोल्टी असेल तर तो भाव तुमचा नाही. आणि पट्टी तपासायची ती तपासायचीच.

सकाळी परत गाळ्यावर गेलो, शेठला म्हणालो, “काल माझं चुकलं.” त्यानं चहा मागवला.

तुम्ही निघताना कुठला आकडा डोक्यात धरता? खाली लिहा.