अम्मीची तहान

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवीवाटे जाते जेमतेम दीड लिटर. रोज्यात रक्तातले पाणी कमी झाले की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सुटते. मूत्रपिंडाच्या नलिकांत पाण्याची दारे उघडतात, पाणी रक्तात परतते. मीठ सांभाळते अल्डोस्टेरॉन. म्हणून संध्याकाळी लघवी कमी आणि गडद होते.

उतारवयात ही बचत ढिली पडते, तहानही कमी लागते. अम्मी सत्तरीची, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते. "मला तहानच लागत नाही," असं ती अभिमानाने सांगते. मला भीती त्याचीच वाटते. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे, फिदियाही आहे. अल्लाहची सवलत घेणं म्हणजे ईमान कमी होणं नव्हे, एवढंच तिला पटायला हवं.