मस्टरवरचा अंगठा

आजी गेली. ती जन्मली कोणत्या साली, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणींसारखी तिच्याही आधार कार्डावर 1 जानेवारीच होती. ती स्वतः काळ मोजायची दुष्काळांनी. बहात्तरचा तर काल-परवा सरल्यासारखा सांगायची.

पाथर्डी तालुका. विहिरींचे तळ उघडे पडलेले, जित्राबं विकलेली. अंगावरचं लेकरू बाभळीला झोळीत टांगून ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. दुपारी सुकडी, रात्री अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी. पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठा. सरकारच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा चढलं ते तिथं.

पुढं सुगी चांगली झाली तरी नवी रास घरात आल्याशिवाय जुनी कणगी तिनं कधी रिकामी होऊ दिली नाही.

दसरा झाला की गाव कोयत्यावर निघायचं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला, जिल्ह्याच्या उत्तरेत ऊस वाढत गेला आणि आमच्या कोरडवाहू दक्षिणेतली माणसं फडात गेली. उचल फेडायला लेक-सुना जायच्या. शाळा बुडू नये म्हणून नातवंडं आजीपाशी राहायची. तीन घरांची पोरं, चूल एक. कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची, कुणाचं दप्तर उसवलं तर गोधडीच्या दोऱ्यानं शिवायची. आम्ही शिकलो ते तिच्या जिवावर. गाळपाचे आकडे दरवर्षी छापून येतात. मागं राहून पोरं सांभाळणाऱ्या या म्हाताऱ्यांचा हिशेब कुणी मांडला नाही, आणि हा अन्याय आहे.

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. 1725 साली जामखेडच्या चोंडीत जन्मलेल्या या बाईनं देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. नाव बदलल्याचं ऐकलं तेव्हा आजीनं हात जोडले होते.

तिनं माती वाहिलेला तलाव पावसाळ्यात अजून भरतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे: बहात्तरची मस्टरं कुठं शिल्लक असतील तर बाहेर काढा. ज्या बायकांनी पाट्या वाहिल्या, त्यांची नावं तलावाच्या भरावावर दगडात कोरा. मस्टर नाही सापडलं तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, शेजारी कोण राबत होतं ते त्या सांगतील. पण यंदाच विचारा.