कुंपण, फट आणि मागणी वही



शाळेच्या संगणकावर ‘ही साइट उघडण्यास परवानगी नाही’ असा लाल फलक आला की आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? ‘ही का बंद केली असेल?’ असं फारसं कोणी विचारत नाही. ‘आता ही उघडायची कशी?’ हेच आधी सुचतं. विद्यार्थ्यांचं सोडा, स्टाफरूममध्येही हेच चालतं. म्हणून या विषयावर थोडं लिहावंसं वाटलं.

आमची शाळा जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हद्दीजवळची. एकीकडे नारायणगाव, दुसरीकडे मंचर. मुलं उसाच्या कडेकडेने सायकलवर येतात. बिबट्याच्या भीतीने गोठ्याला जाळी मारणं इथे नवीन नाही. त्यामुळे कुंपण म्हणजे काय, हे आमच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. संगणकाचं कुंपण मात्र समजावून सांगावं लागतं.

ते साधारण तीन प्रकारे घातलं जातं. पहिला प्रकार म्हणजे यादी : अमुक साइट बंद. दुसरा म्हणजे गट : खेळ, व्हिडिओ, सोशल मीडिया सगळं एकदम बंद. तिसरा शब्दांवरून : पानावर ठराविक शब्द दिसला की पान अडवायचं. हा तिसरा प्रकार सगळ्यात आंधळा. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे. त्या नावाच्या पोटात एक शिवी दडलेली असल्याने १९९६ साली तिथल्या लोकांना एओएल या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना. यंत्राला अक्षरं दिसतात, अर्थ कळत नाही.

आमच्याकडे हाच अनुभव दहावीच्या वर्गात आला. विज्ञान भाग २ मध्ये सजीवांमधील जीवनप्रक्रियांचा दुसरा भाग आहे, त्यात मानवी प्रजनन येतं. मी मुलींना लॅबमध्ये मासिक पाळीबद्दलची आकृती दाखवायला गेले, तर पान बंद! दुसरं उघडलं, तेही बंद. आता बघा, आमच्या कितीतरी मुलींना घरी हे विचारायची सोय नसते. शाळेत पुस्तकातली माहिती मिळते आणि शंका विचारायला बाई असतात. तिथेही लाल फलक आला, तर ‘हा विषयच वाईट’ असं पोरींच्या मनात बसायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, मी उघडून देऊ का? एक साइट हाय, तिच्यातून कायपण उघडतं.”

त्याला म्हणतात प्रॉक्सी. मी त्याला उघडू दिलं नाही, पण रागावलेही नाही. फळ्यावर चित्र काढलं. आपण, मध्ये एक अनोळखी माणूस आणि पलीकडे हवी ती साइट. आपलं पत्र त्या माणसाकडे उघडं द्यायचं, तो ते पुढे नेणार आणि उत्तरही तोच आणून देणार. “मग पत्र वाचणार कोण?” मुलं म्हणाली, “तो मधला!” बरोबर. प्रॉक्सी साइटमधून टाकलेला पासवर्ड तिच्या मालकाला वाचता येतो. फुकटच्या व्हीपीएनचंही तसंच. आपली सगळी ये-जा त्याच्या हातातून होते. तो हे फुकट का करतो, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आपल्या कार्यालयातल्या संगणकावर काय काय असतं ते आठवा. मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर, बँक खाती, आपली पगारबिलं. एका कार्यालयात कोणीतरी क्रिकेट बघायला असंच फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. जाहिराती उड्या मारायला लागल्या, संगणक बसला आणि ऐन महिनाअखेरीस सगळ्यांची बिलं अडकली. मॅच बघितली एकाने, पगार थांबला सगळ्यांचा. म्हणून तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२२ साली सरकारी कर्मचाऱ्यांना बाहेरचं व्हीपीएन वापरू नका असं बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं वापरू नका असं सांगितलं. कारणही दिलं : सरकारी माहितीची गोपनीयता.

पण कुंपण घालणाऱ्याचंही चुकतं, हे मुलांपासून लपवू नये. जुलै २००६ मध्ये मुंबईतल्या लोकल स्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली. इंटरनेट कंपन्यांनी पुष्कळ ठिकाणी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. स्वयंपाकाच्या कृती लिहिणारेही त्यात अडकले. लोकांनी लगेच आडवाटा शोधल्या. कुंपण गरजेपेक्षा मोठं झालं की फटी पडणारच.

याउलट आपल्या जुन्नर तालुक्यातलं खोडद बघा. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आपण मुलांना घेऊन जातोच. दुर्बिणीजवळ मोबाईल बंद ठेवायला सांगतात. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात, आपल्या मोबाईलच्या गोंगाटात त्या बुडून जातात. एवढं कळलं की वर्गातला सगळ्यात वांड मुलगाही फोन बंद करतो. बंदी तीच, पण कारण सांगितलेलं असतं.

हे लक्षात घेऊन आम्ही लॅबमध्ये एक ‘मागणी वही’ ठेवली. रकाने पाच : तारीख, साइट, कशासाठी, कोणी मागितली, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात नुसतं ‘नाही’ लिहायचं नाही, कारणही लिहायचं. मुख्याध्यापकांची सही झाली की संगणक दुरुस्तीवाले दादा ती साइट उघडून देतात. पहिली नोंद माझीच, मासिक पाळीच्या त्या पानाची. चार दिवसांनी ते उघडलं. तोवर मी आकृती घरून छापून आणली होती, धडा थांबवला नाही.

पुढे मुलंही लिहू लागली. शिष्यवृत्तीची साइट : मंजूर. टोमॅटोचे बाजारभाव : मंजूर. क्रिकेट : नामंजूर, कारण एकाच जोडणीवर सगळे संगणक चालतात आणि व्हिडिओने बाकीच्यांचं काम अडतं. प्रॉक्सीवाल्या त्या मुलाने याखाली लिहिलं, “मग नुसता स्कोअर चालेल का?” व्हिडिओ नसलेलं पान होतं, मंजूर झालं.

आडवाटा अजूनही कोणीतरी शोधत असेल, त्याची खात्री मी देणार नाही. पण विचारायचं कुठे, हे आता मुलांना माहीत आहे. तुमच्या शाळेतही अशी वही ठेवून बघा. साधी शंभर पानी पुरते.