निर्मूळ पत्रिका

चिनी जन्मपत्रिकेचे जे शास्त्र बाझी, म्हणजे आठ अक्षरे, या साध्या नावाने ओळखले जाते, त्यात पत्रिका मांडणे हे काम अवघड नाही. ज्याच्या हाती चांगले पंचांग आहे आणि ज्याला हिशेबाची सवय आहे, त्याला वर्ष, मास, दिन आणि वेळ यांचे चार स्तंभ थोड्या अवधीत उभे करता येतात. प्रत्येक स्तंभाच्या शिरोभागी दहा कांडांपैकी एक आणि पायाशी बारा शाखांपैकी एक असते. या जोड्यांचे साठांचे आवर्तन होते. आणि प्रभवापासून साठ संवत्सरे मोजणाऱ्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, फरक इतकाच की तिकडे तेच चक्र वर्षांप्रमाणे मासांना, दिवसांना आणि दिवसाच्या बारा भागांनाही लावलेले असते. कसोटी लागते ती यानंतर. या आठ अक्षरांतून ज्याच्या आश्रयाने जातकाचे आयुष्य सुस्थितीत राहील असे एक तत्त्व निवडायचे असते. त्याला युंगशेन म्हणतात. मी त्याला उपयुक्त तत्त्व म्हणत आलो आहे. ही निवड चुकली की पुढील सर्व फलकथन, कितीही विद्वत्तेने केलेले असो, नेमके उलट्या दिशेने जाते.

सामान्य पत्रिकेत या निवडीची वहिवाट ठरून गेलेली आहे. थांग काळातील ली शुचुंग याच्या नावावर जी जुनी पद्धत सांगितली जाते तिचा भर वर्षावर होता. सोंग काळापासून जिचे नाव रूढ झाले त्या शु त्झुपिंगच्या पद्धतीत दिवसाचे कांड हे प्रत्यक्ष जातकाचे स्वरूप मानले गेले, आणि आजही आम्ही त्यालाच दिनस्वामी धरून चालतो. दिनस्वामी काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाचांपैकी कोणत्या तत्त्वाचा, तो जन्ममासात प्रबळ की क्षीण, त्याला शाखांमध्ये मूळ आहे की नाही, हे पाहावयाचे. क्षीण असल्यास त्याला जन्म देणारे मातृतत्त्व किंवा सजातीय तत्त्व द्यावयाचे, आणि अति प्रबळ असल्यास त्याचे बळ खर्ची पडेल किंवा त्याच्यावर शासन चालेल अशी तजवीज करावयाची. हिवाळ्यातील जन्माला अग्नीची ऊब आणि भर उन्हाळ्यातील जन्माला जलाचा ओलावा हा ऋतुमानाचा विचारही त्याच न्यायाचा. मासाच्या शाखेचा अंमल इतरांपेक्षा अधिक मानतात, कारण तत्त्वांचे बळ ऋतूवर अवलंबून असते, आणि येथील मास चंद्राच्या तिथीने नव्हे तर सूर्याच्या संधीने बदलतो. बहुसंख्य पत्रिकांचा निकाल या रीतीने न्याय्य लागतो.

परंतु काही पत्रिका अशा असतात की ज्यांच्यात दिनस्वामी केवळ क्षीण नसतो, निर्मूळ असतो. चारही शाखांत त्याचा सजातीय कोणी नाही, त्याला पोसणारी माता नाही, आणि सभोवती एकच परकीय तत्त्व मासाच्या पाठबळासह सर्वत्र पसरलेले आहे. अशा वेळी त्याला थोडेसे साहाय्य देणे म्हणजे दया नव्हे. ते साहाय्य त्याला उभे करण्यास अपुरे असते आणि प्रबळ तत्त्वाला डिवचण्यास मात्र पुरेसे असते. म्हणून शास्त्र सांगते की त्याने स्वत्वाचा आग्रह सोडून प्रबळाच्या मागे जावे, आणि प्रबळ तत्त्व हेच त्याचे उपयुक्त तत्त्व मानावे. मराठी वाचकाला येथे पुरातील लव्हाळ्याची आठवण होईल. मलाही आरंभी झाली होती, आणि पुष्कळ काळ मी तिच्यावर विसंबून राहिलो. पण लव्हाळे वाकूनही वाचते ते त्याची मुळे जमिनीत घट्ट असतात म्हणून. अनुगामी पत्रिकेची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध आहे. तिला मूळ नाही, म्हणूनच ती प्रवाहाबरोबर निःशंकपणे जाऊ शकते, आणि ज्या दिवशी तिला एखादे अर्धवट मूळ फुटते त्या दिवशी तिची ओढाताण सुरू होते.

या असाधारण पत्रिकांची तीन कुळे आहेत. अनुगामी पत्रिका कोणाच्या मागे जाते यावरून तिचे धन (दिनस्वामी ज्यावर शासन करतो ते तत्त्व), शासक (जे त्याच्यावर शासन करते ते) आणि अपत्य (ज्याला तो जन्म देतो ते) असे पोटभेद होतात. दुसरे कुळ त्यांचे, ज्यांत दिनस्वामीचे स्वतःचेच तत्त्व सर्वत्र माजलेले असते. त्यांच्या पाच प्रकारांची नावे प्राचीन शुचिंग ग्रंथातील 'होंगफान' या प्रकरणात पंचतत्त्वांचा जो स्वभाव सांगितला आहे त्यावरून घेतली आहेत: जल खाली झिरपते, अग्नी वर झेपावतो, काष्ठ वाकते आणि सरळ होते, धातू बदलास वश होतो, पृथ्वी पेरणीस व कापणीस आधार देते. तिसरे कुळ रूपांतराचे. दिनस्वामी शेजारच्या कांडाशी संयोग पावून निराळेच तत्त्व होतो, परंतु जन्ममास त्या नव्या तत्त्वाचा नसेल तर त्या संयोगाला मी रूपांतराची सनद देत नाही. यांपैकी अपत्यानुगामी पत्रिकेविषयी मला विशेष ममत्व आहे. इतर अनुगामी पत्रिकांत सजातीय तत्त्व आले की बिघाड होतो. येथे मात्र सजातीय तत्त्व अपत्यालाच पोसते म्हणून ते बाधक ठरत नाही, आणि ज्याची भीती बाळगायची ती मातृतत्त्वाची, कारण माता आली की ती नातवंडावर शासन करू लागते. क्षीणाला माता द्या हा सामान्य नियम येथे शब्दशः उलटा होतो.

आता मामला किती नाजूक आहे हे दाखविण्यासाठी एकच उदाहरण तपशिलाने मांडतो. वर्ष पृथ्वी-वानराचे, मास धातू-कुक्कुटाचा, दिन यिन काष्ठाचा व त्याच्या पायाशी पुन्हा कुक्कुट, अशी तीन स्तंभांची मांडणी घेऊ. शरदाचा हा मध्य, धातूचे साम्राज्य. कोवळे काष्ठ धातूवरच बसलेले. या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जन्म झाला तर वेळेचा स्तंभ धातू-सर्पाचा येतो; सर्प कुक्कुटाशी मिळून धातूचेच बळ वाढवितो, काष्ठाला कोठेही मूळ उरत नाही, आणि पत्रिका शासकानुगामी होते. तिला धातू व पृथ्वी हितकर, जल व काष्ठ अहितकर. त्याच दिवशी रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान जन्म झाला तर वेळेचा स्तंभ अग्नी-वराहाचा येतो. वराहाच्या पोटी यांग जल आणि यांग काष्ठ अशी दोन कांडे गुप्त असतात. म्हणजे त्या कोवळ्या काष्ठाला माता मिळाली, मूळ मिळाले, आणि आता त्याने शरण जाण्याचे कारण उरले नाही. येथे जल हे उपयुक्त तत्त्व: धातूचे बळ जलात उतरते आणि जल काष्ठाला पोसते. बारा तासांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन मुलांपैकी एकाचे औषध दुसऱ्याचे विष आहे. दोघे मुलगे असतील आणि जन्म कुक्कुटमासाच्या आरंभीच्या शुभ्रतुषार संधीनंतर चार-पाच दिवसांनी झाला असेल, तर पुढील संधीपर्यंतच्या दिवसांना तिनाने भागून महादशेचा आरंभ नवव्या वर्षाच्या सुमारास येतो, आणि एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास दोघांनाही जल-वराहाची तीच दशा लागते. सकाळच्या मुलाला ती दहा वर्षे अस्वस्थतेची, रात्रीच्या मुलाला भाग्योदयाची, असे शास्त्राचे म्हणणे.

सकाळच्या पत्रिकेतही एक शंका उरते, ती मी लपवीत नाही. वर्षस्तंभातील वानराच्या पोटी धातूबरोबर थोडे जलही गुप्त असते. एवढ्या गुप्त जलाला माता मानावे काय? काही जाणकार मानतात व पत्रिकेला आभासी अनुगामी ठरवितात. माझे मत असे की ते जल दूर आहे, उघड कांडांत आलेले नाही, आणि त्याला जागे करणारी दशा येईपर्यंत ते केवळ निद्रिस्त आहे. यास्तव पत्रिका अनुगामीच धरावी, मात्र जलदशेत तिचे अनुगामित्व ढळेल हे ध्यानी ठेवावे. दिनस्वामी यिन आहे हेही माझ्या बाजूचे प्रमाण आहे. 'ती थ्येन स्वेइ' या ग्रंथाचा एक मुख्य सिद्धांत असा की यांग कांडे सहसा शरण जात नाहीत, यिन कांडे बळाचा कल पाहून लवकर जातात. येथे यांग काष्ठ असते तर मी इतक्या निश्चिंतपणे लिहिले नसते.

जेथे एका स्तंभावर सर्व फैसला अवलंबून आहे तेथे घड्याळाची कैफियत ऐकून घेणे हे माझे पहिले कर्तव्य. चीनमध्ये सर्वत्र एकच प्रमाणवेळ चालते, ती 120 अंश पूर्व रेखांशाची. 1986 ते 1991 या वर्षांत उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात. सिंगापूर आणि मलाया द्वीपकल्पातील घड्याळे 1982 च्या आरंभी अर्धा तास पुढे सरकली, आणि सिंगापूरच्या आकाशातील सूर्य आजच्या घड्याळापेक्षा तासाभराहून अधिक मागे असतो. आपल्याकडील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या स्थानिक वेळेचा व हिंदुस्थानच्या प्रमाणवेळेचा 39 मिनिटांचा फरक आमच्या वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष अनुभवलेला, आणि महायुद्धाच्या काळात पुढे केलेल्या घड्याळाची वजाबाकी जुन्या जोशांनी कित्येक कुंडल्यांत केलेली. म्हणून सिंगापुरात कोणी जन्मवेळ सकाळी साडेनऊची सांगितली तर मी लगेच सर्प लिहीत नाही. सूर्याच्या हिशेबाने ती वेळ अद्याप आधीच्याच शाखेची असते.

या विद्येत एक मोह फार जुना आहे, आणि तो शिकाऊ व मुरलेला असा भेद करीत नाही. असाधारण पत्रिका हाती आली की वाचणाऱ्याला आणि जातकाला, दोघांनाही, एक प्रकारचे वैभव प्राप्त झाल्यासारखे वाटते. परिणामी क्षीण पत्रिकांना अनुगामी आणि बळकट पत्रिकांना एकतत्त्वप्रधान म्हणून रुजू करण्याची घाई होते. पिनांगच्या ज्या वृद्ध गुरूंजवळ मी बसलो ते म्हणत, आधी तिला सामान्य समजून तिच्याशी पुरेसे भांडा, ती ऐकत नाही असे सिद्ध झाले तरच पदवी द्या. छिंग काळातील रेन थ्येछ्याओविषयी मला जो आदर वाटतो तो याच कारणाने. 'ती थ्येन स्वेइ'वर टीका लिहिताना त्याने शेकडो पत्रिका दाखल्यादाखल दिल्या, आणि त्यांत स्वतःची, 1773 सालच्या जन्माची, पत्रिकाही घातली. दिनस्वामी यांग अग्नी, पायाशी अश्व, आणि वर्षाला व मासाला सर्प. आरंभीच्या ग्रीष्मातला तो जाळ पाहून कोणालाही वर झेपावणाऱ्या अग्नीची सन्माननीय पत्रिका म्हणण्याचा मोह व्हावा. परंतु वर्षाच्या व वेळेच्या शिरी दोन जलकांडे उघड आहेत, आणि आगीशी सामना करण्याइतके त्यांचे बळ नसले तरी पदवी नाकारण्याइतके निश्चित आहे. वडिलांच्या पश्चात घराची मालमत्ता ओसरत गेली आणि उपजीविकेसाठी हीच विद्या धरावी लागली, हे त्याने तेथेच सांगून टाकले आहे. ज्याने शेकडो जणांची पत्रिका तोलली त्याने आपलीही त्याच तराजूत घातली, हे वाचताना माझे मन भरून येते.

ग्रंथांच्या मतभेदांत मी फार शिरत नाही. शेन श्याओचानसारखा अधिकारी पुरुष उपयुक्त तत्त्व मुख्यतः जन्ममासातच शोधावयास सांगतो, तर 1930 च्या दशकात शांघायमध्ये लिहिणाऱ्या शु लवूने तोलाच्या विचारालाही मोठे स्थान दिले. दोन्ही बाजूंना प्रतिष्ठा आहे. माझ्यापुरता मी एक मार्ग धरला आहे. संशयित असाधारण पत्रिका आली की प्रथम सामान्य रीतीने एक तत्त्व आणि असाधारण रीतीने दुसरे तत्त्व, असे दोन्ही निर्णय कागदावर लिहितो, आणि मग भविष्याविषयी एक अक्षरही न बोलता मागील दशांचा तपशील विचारतो. विशीतली ती दहा वर्षे कशी गेली? घर केव्हा बदलले? कोणत्या वर्षी आजारपण आले, कोणत्या वर्षी बढती? दोन विरुद्ध निर्णयांपैकी ज्याला या घटना साक्ष देतात तोच मी स्वीकारतो. जातक स्वतः जे सांगतो ते त्याच्या आठ अक्षरांहून दुय्यम नाही, अशी माझी धारणा आहे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांच्या पत्रिका मला अधिक प्रिय. त्यांच्यापाशी साक्षीपुरावा असतो.

तान्ह्या मुलांचा मात्र प्रश्न निराळा. चिनी कुटुंबांत मुलाच्या पत्रिकेत जे तत्त्व नाही ते त्याच्या नावात घालण्याची रीत आहे. लू शुनच्या 1921 सालच्या 'जुने गाव' या कथेतील रुनथू अधिक मासात जन्मला आणि त्याच्या पत्रिकेत पृथ्वीतत्त्व नव्हते, म्हणून बापाने अधिक मास आणि माती मिळून त्याचे नाव ठेवले. साध्या पत्रिकेत या प्रेमळ रीतीने काही बिघडत नाही. परंतु जेथे तत्त्वाचा अभाव हेच पत्रिकेचे बळ आहे, तेथे आईबापांनी हौसेने तीन थेंबांचे जलचिन्ह नावात जोडावे आणि अनुगामी लेकराच्या वाट्याला नेमके नको ते पाणी यावे, याची मला धास्ती वाटते. त्यांना मी सांगतो की नाव आजोबांच्या पसंतीचे ठेवा, चांगल्या अर्थाचे ठेवा, आणि तत्त्वांचा विचार त्यात आणू नका. पत्रिका मी लिहून देतो. चार स्तंभ, गुप्त कांडे, दशांचा आरंभ, सारे सुवाच्य अक्षरात. उपयुक्त तत्त्वाचा रकाना तेवढा कोरा ठेवतो आणि खाली लिहितो की मुलाची दुसरी दशा अर्धी उलटल्यावर हा कागद घेऊन यावे. मी नसलो तर कोणाही जाणत्याकडे न्यावा, आणि त्याला मागील वर्षांची हकीकत आधी सांगावी.