साठ पानांचे लग्न

लग्न म्हटले की वऱ्हाड आलेच. आणि आमचा तर मुलूखच वऱ्हाड! तेव्हा पाहुण्यांच्या बाबतीत हात आखडता घेणे हे आमच्याकडे कृपणतेचे नव्हे, तर जवळजवळ अधर्माचे लक्षण समजले जाते. विदर्भाची राजकन्या रुक्मिणी शिशुपालाचे थाटाचे वऱ्हाड दारी आले असता अंबिकेच्या दर्शनाचे निमित्त करून श्रीकृष्णाच्या रथात बसली, ही कथा आम्ही कीर्तनात मोठ्या प्रेमाने ऐकतो. पण घरच्या कन्येने थाट नाकारला की कपाळास आठ्या पडतात.

आमच्या पुतणीने तो नाकारला. लग्न कळंबास करावयाचे, आणि पाने साठच मांडावयाची, असा तिचा हट्ट. कळंब हे यवतमाळहून नागपूरच्या वाटेवर, चक्रावती नदीकाठचे जुने गाव. तेथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. देवापाशी जावयाचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. गौतमाच्या शापाने पीडलेल्या इंद्राने येथे गणेशाची आराधना केली, असे पुराण सांगतात. शिखराकडे मान वर करून पाहण्याची सवय असलेल्यास हे खाली उतरणे प्रथम चमत्कारिक वाटते.

हट्टामागील कारण मात्र पौराणिक नव्हते. आमच्या बंधूंनी लग्नासाठी दोन एकर वावर विकण्याचे मनात धरले होते. चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९८६ च्या मार्चमध्ये पत्नी व मुलांसह जीवनाचा अंत केला, तो याच जिल्ह्यातील शेतकरी. त्या शोकांतिकेशी लग्नखर्चाचा संबंध नव्हता. परंतु कापसावर जगणाऱ्या घरात तेव्हापासून 'कर्ज' हा शब्द कोणी सहज उच्चारीत नाही. राजवाडे भाड्याने घेऊन मोजक्या मंडळींत विवाह करण्याची जी श्रीमंती हौस हल्ली निघाली आहे, तिच्याशी या साठ पानांची गल्लत वाचकांनी करू नये.

अडचण पैशाची नव्हती. अडचण होती खाल्लेल्या अन्नाची. ज्यांच्या घरची पाच-पाच लग्ने आपण जेवलो, ज्यांचा आहेर घेतला, त्यांना वगळावयाचे कोणत्या तोंडाने? २०२१ च्या एप्रिलात साथीमुळे सरकारने पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली, तेव्हा लहान लग्ने बिनबोभाट पार पडली व कोणी रुसले नाही. कारण दोष सरकारचा होता. बंधने उठताच मांडव पुन्हा पूर्ववत् विस्तारले. लोकांना लहान लग्न नको असते असे नव्हे. त्यांना निमित्त हवे असते. आमच्या पुतणीपाशी निमित्त नव्हते, नुसते खरे कारण होते.

ते कारण घरोघर सांगण्याचे काम बंधूंनी स्वतः पत्करले. लग्नाच्या आठ दिवस आधी लाडवांचा डबा घेऊन ते न बोलावलेल्या चाळीस घरी गेले. मुलीचा बाप निमंत्रण न देण्यासाठी दारी येतो, हे गावाने प्रथमच पाहिले. एका वृद्धाने विचारले, "वावर राखलं ना? मंग जेवलो समज."

लग्न सकाळी लागले. देवदर्शन करून मंडळी जवळच्या लहानशा मांडवात बसली. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे मंगलाष्टकांतील शब्द कळले. अक्षता ज्याच्यावर टाकावयाच्या त्याच्यावरच पडल्या, हेही कित्येक वर्षांनी घडले! पळसाच्या पत्रावळींवर रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि तूप. वधू-वर पंगतीतच बसले होते. वाढणाऱ्यास घाई नव्हती, उठणाऱ्यास तर मुळीच नाही. वराची आजी आमच्या मातोश्रींस आपल्या माहेरची हकीकत सांगत होती, ती दुपार कलेपर्यंत संपली नाही. विहिणींना एकमेकींशी इतका वेळ बोलता येतो, हे आम्ही तोपर्यंत पाहिले नव्हते.

चाळीसांपैकी एका घरून लाडू परत आले. ते घर बंधूंच्या बालमित्राचे. बंधू अजूनही वावरात जाताना त्याच वाटेने जातात आणि दारापाशी नाव घेऊन हाक मारतात. आतून ओ येत नाही. परंतु परवा दार उघडे होते.