मुशी : एक मासा



भाषेच्या प्राध्यापकाच्या टेबलावर शब्दकोश असावेत, न तपासलेल्या उत्तरपत्रिका असाव्यात, फार तर चहाच्या कपाने उमटवलेली दोन-चार वर्तुळे असावीत, अशी तुमची कल्पना असेल. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या टेबलावर एक शार्क मासा होता आणि तोही आठ तुकड्यांत. धडाचे दोन भाग, खालचा जबडा, वरच्या दातांची पट्टी, पाठीवरचा पर, छातीचे दोन पर आणि शेपूट. हे तुकडे जोडून, घासून आणि रंगवून मोठ्या पांढऱ्या शार्कची दीड फूट लांबीची प्रतिकृती तयार करावयाची होती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी हा उद्योग का आरंभला आणि त्याने माझ्या प्रबंधातील एक जुनी चूक मला कशी दाखवून दिली, हे तुम्हांला सांगावे असे वाटते.

हा संच माझ्या मुलीने जपानहून आणला. ती ओसाका येथे नोकरी करते. खोके माझ्या हाती देताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर नुसती नावं ठेवत आलात. आता एखादी गोष्ट हातानं करून बघा." मराठीत 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे, शब्दशः अर्थ घेतला तर तो माझा व्यवसायच आहे. ध्वनीला नाव, रूपाला नाव, प्रत्ययाला नाव. तिला कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे मी विचारले नाही. दोन्ही अर्थ मला लागू पडत होते.

सवयीप्रमाणे मी आधी नावाकडेच वळलो. जपानमध्ये अशा प्रतिकृतींना 'सोफुबी' म्हणतात. इंग्रजीतील 'सॉफ्ट व्हिनिल' हा शब्दबंध जपानी उच्चारात 'सोफुतो बिनीरु' असा झाला आणि दोन्ही पदांचे आरंभ घेऊन 'सोफुबी' हा आटोपशीर शब्द घडला. 'व्हिनिल' या शब्दाच्या मुळाशी मद्य या अर्थाचा लॅटिन 'विनुम' आहे. एवढे टिपून झाल्यावर माझे समाधान झाले आणि खोके चार दिवस तसेच राहिले. शब्द कळला की वस्तू कळली, असे वाटणे हा आमच्या व्यवसायाचा जुना आजार आहे.

पाचव्या दिवशी तुकडे बाहेर काढले. ही पोकळ अंगे ज्या रीतीने तयार होतात, ती रीत मोठी गमतीची आहे. धातूच्या साच्यात पातळ व्हिनिल ओततात आणि साचा तापवतात. तापलेल्या भिंतीलगतचा थर घट्ट होतो, आतला पातळ भाग ओतून टाकतात आणि उरलेले कवच गरम व मऊ असतानाच साच्यातून ओढून काढतात. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी जादा कडा राहते. ती कापावी लागते. तुकड्यांवर तेलकट अंश राहिलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही, तर पुढे रंग धरत नाही. मी तुकडे धुतले आणि लगेच सुरी चालवली. थंड व्हिनिल चिवट असते. सुरी सटकली आणि छातीच्या डाव्या पराच्या मुळाशी खोल खाच पडली. सूचनापत्रक जपानी भाषेत होते, पण त्यातील वाफाळत्या भांड्याचे चित्र समजण्यास भाषाशास्त्राची गरज नव्हती. तुकडा आधी गरम पाण्यात धरावयाचा, मऊ झाला की कापावयाचा आणि आकार नीट करून थंड पाण्यात सोडावयाचा.

मी पातेल्यात पाणी तापवले आणि त्यात तो पर धरला. वाफ तोंडावर आली आणि मला एकदम दुसरेच एक पातेले आठवले.

ही १९९६ सालची गोष्ट. रायगडच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात मी प्रबंधासाठी बोलीचे संकलन करीत होतो. माझ्या मुख्य निवेदक सत्तरीच्या एक आजी होत्या. शब्द विचारावा, उच्चार टिपावा, लिंग-वचन पाहावे, पुढच्या शब्दाकडे वळावे, असा माझा क्रम असे. एका सकाळी त्यांच्यासमोर हातभर लांबीच्या मुशी होत्या. 'मुशी' हे लहान शार्कचे किनाऱ्यावरचे नाव. काही भागांत तिला 'मोरी' म्हणतात. मी नाव विचारले, त्यांनी सांगितले, मी लिहू लागलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवतोस काय पोरा, आदी हात लाव." माझे मनगट धरून त्यांनी माझा तळवा मुशीच्या डोक्याकडून शेपटीकडे फिरवला. कातडी गुळगुळीत लागली. मग तोच हात त्यांनी शेपटीकडून डोक्याकडे ओढला. तळव्याला खरखर झोंबली. त्यांनी शेजारच्या पातेल्यातील कढत पाणी मुशीवर ओतले आणि कातडी खरवडून काढू लागल्या. खरवडली नाही तर कालवणात वाळू आल्यासारखे लागते, असे काहीसे त्यांनी सांगितले. मी हात पुसला आणि पुढचा शब्द विचारला.

त्या दिवसाचे कार्ड माझ्या खणात अजून आहे. त्यावर लिहिले आहे : 'मुशी – स्त्री. – एक मासा.'

मित्रहो, हीच ती चूक. व्याकरणदृष्ट्या नोंद निर्दोष आहे. परीक्षकांनी तिला हरकत घेतली नाही. मला पदवी मिळाली. त्या रात्री मी प्रबंधाचे परिशिष्ट काढून मोजले. एक्काहत्तर नावांपुढे 'एक मासा' एवढेच लिहिलेले होते. एक्काहत्तर निरनिराळे जीव, त्यांची निरनिराळी अंगे, त्यांना पकडण्याच्या, सोलण्याच्या, शिजवण्याच्या निरनिराळ्या रीती, आणि माझ्याकडे त्या सर्वांसाठी दोन शब्द. निवेदकाने ज्ञान दिले होते. मी फक्त त्याची पावती फाडली होती.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना भेटलो. 'स्कोलिओडॉन' हा लहान शार्क आपल्या विद्यापीठांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासासाठी असे. त्यांच्या प्रयोगशाळेतील त्याच्या बरण्यांवरून मी पंचवीस वर्षे ये-जा केली होती. त्यांनी कातडीचा एक कपटा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतर माशांसारखे चपटे खवले तेथे नव्हते. बारीक दातांची दाट पेरणी होती आणि प्रत्येक दाताचे टोक शेपटीकडे वळलेले होते. हे खवले रचनेनेही दातासारखेच असतात : आत मगज, त्यावर दंतिन, त्यावर कठीण लेप. आजींनी माझ्या तळव्याला जे सांगितले होते, तेच भिंगाने माझ्या डोळ्यांना सांगितले. फरक इतकाच, की आजींनी ते आधी सांगितले होते.

घरी येऊन कामाला लागलो. तुकडे झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडले, डाव्या पराची खाच व सांध्यांच्या फटी इपॉक्सी पुटीने बुजवल्या आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासू लागलो. पूर्वी लाकूड गुळगुळीत करण्यासाठी कारागीर शार्कचीच वाळवलेली कातडी वापरीत, आणि जपानमध्ये वासाबीचे मूळ किसण्यासाठी लाकडी फळीवर ती कातडी ताणून बसवतात, हे तेव्हा आठवले. माझा शार्क मात्र दोन्ही दिशांनी सारखाच गुळगुळीत होत चालला होता. एवढ्या लहान प्रमाणात ते दात कोरणे अशक्यच. मूर्तिकाराने ते वगळले, यात त्याचा दोष नव्हता. प्रत्येक प्रतिकृती काहीतरी वगळते. कोशातील नोंद हीदेखील प्रतिकृतीच असते. आपण काय वगळले, याची जाणीव करणाऱ्याला असली पाहिजे. मला ती नव्हती.

मग रंग. मऊ व्हिनिलवर तेलरंग नीट वाळत नाही, चिकट राहतो. म्हणून पाण्यात कालवावयाचे आक्रिलिक रंग घेतले. रंगाच्या थराला मराठीत 'हात' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे : अस्तराचा एक हात, रंगाचे दोन हात. इतकी वर्षे हा शब्द मी लक्षणेचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहीत आलो. या वेळी प्रत्येक हात वाळेपर्यंत वाट पाहताना तो शब्द किती काटेकोर आहे, हे कळले.

मोठ्या पांढऱ्या शार्कची पाठ करडी आणि पोट पांढरे असते. वरून पाहणाऱ्याला पाठ खोल पाण्याच्या काळोखात मिसळते; खालून पाहणाऱ्याला पोट वरच्या उजेडात विरते. हे वाचलेले होते. म्हणून करड्यातून पांढऱ्यात रंग हलके हलके उतरवला. काम सुंदर झाले आणि चुकले. छायाचित्रे लक्ष देऊन पाहिली, तेव्हा दोन रंगांची सीमा स्पष्ट, वेडीवाकडी, ठिकठिकाणी तुटलेली दिसली, भरतीची रेषा वाळूवर उमटावी तशी. छातीच्या परांची टोके खालच्या बाजूने काळी असतात, हेही तेव्हाच दिसले. पुन्हा एक हात दिला. डोळ्यांसाठी काळ्या रंगाची बाटली उघडली होती. या माशाचे डोळे काळेभोर, निर्जीव, असे सगळेच म्हणतात. मीही तेच गृहीत धरले होते. वास्तविक बाहुलीभोवतीचे कडे गडद निळे असते. काळ्यात थेंबभर निळा मिसळताना मला आपल्या कितीतरी ठाम व्याख्यांची आठवण झाली.

खोक्यावरच्या चित्रात शार्कचा जबडा रक्ताने माखलेला होता. पीटर बेंचली यांची 'जॉज' ही कादंबरी १९७४ साली आली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्यावरील चित्रपट. तेव्हापासून जगाच्या मनात शार्क या शब्दाला एकच अर्थ चिकटला. त्या अर्थाची किंमत खऱ्या शार्कना मोजावी लागली, आणि बेंचली यांनी पुढील आयुष्यात त्यांच्या संरक्षणासाठी मोठे काम केले. मी तांबड्या रंगाची बाटली उघडली ती केवळ हिरड्यांसाठी, आणि त्यातही पुष्कळ पांढरा मिसळला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, तेव्हा तो शार्क जुन्या धोतरात गुंडाळून मी त्या कोळीवाड्यात गेलो. आजी राहिल्या नव्हत्या, हे अपेक्षितच होते. त्यांच्या सूनबाई आता साठीच्या घरात आहेत. मी कोण, ते सांगितल्यावर त्या हसल्या. कागद घेऊन हिंडणारा मुलगा त्यांच्या लक्षात होता. मी प्रतिकृती त्यांच्या हाती दिली. चाळीस दिवस ज्या पाठीवर, डोळ्यांवर, सीमारेषेवर मी खपलो होतो, तिकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी ती सरळ उलटी केली, पोटाखालच्या परांजवळ बोट ठेवले आणि म्हणाल्या, "ही मादी हाय, सर."

मी ते पाहिलेच नव्हते. त्यांनी टोपलीतील दोन मुशी उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या. नराच्या त्या परांना आतल्या बाजूने बोटासारखे दोन अवयव होते, मादीला नव्हते. मादीच्या पोटात जिवंत पिल्ले सापडतात, हेही त्यांनी सांगितले. बोलता बोलता माझा हात खिशातील वहीकडे गेला, पण मी तो थांबवला. आधी मुशीवर ठेवला. डोक्याकडून शेपटीकडे, मग शेपटीकडून डोक्याकडे. खरखर तीच होती. आजींच्या बोटांची पकड मनगटाला आठवत होती. त्यांचा चेहरा मात्र नीट आठवेना.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तुमच्यापैकी काहीजण उद्या बोलींचे संकलन करावयास जातील. निवेदक शब्द सांगतील, आणि कोणी वस्तूही पुढे करील. त्या वेळी लेखणी जरा खाली ठेवा. नोंद रात्रीही लिहिता येते. पुढे केलेला हात रात्रीपर्यंत थांबत नाही.

त्या रात्री मी नवे कार्ड घेतले आणि लिहिले : 'मुशी – स्त्री. – लहान शार्क. सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा. कातडीवर दातासारखे बारीक खवले. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवल्यास गुळगुळीत, उलट फिरवल्यास खरखरीत. कालवणापूर्वी कढत पाणी ओतून कातडी खरवडतात. नर व मादी पोटाखालच्या परांवरून ओळखतात. मादीच्या पोटात जिवंत पिल्ले असतात.' कार्डाची एक बाजू भरली. ते उलटून मागे लिहिले : 'पहिली माहिती १९९६ साली मिळाली. तेव्हा नोंदवली नाही.'

शार्क आता टेबलावर, कार्डांच्या खणाशेजारी आहे. डाव्या पराच्या मुळाशी पुटीचा उंचवटा बोटाला अजून लागतो. उरलेल्या नोंदी सत्तर आहेत. होड्या पहाटे परततात, असे सूनबाईंनी सांगितले आहे. येत्या रविवारी पहिल्या गाडीने निघावे लागेल.