आजोळची इस्टेट

कुणाला आजोळहून आमराई मिळते, कुणाला निदान चांदीचा तांब्या तरी. मला माझ्या आईच्या वडिलांकडून जे मिळालं, त्यावर एकाही मामाने आजवर हक्क सांगितलेला नाही. मला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

याचा पंचनामा लग्नानंतर मंडईत झाला. लालबुंद टोमॅटो आणायला सांगितले होते. मी भाव पाडल्याच्या आनंदात किलोभर हिरवेगार घेऊन आलो. "तुमच्या घराण्यातच लक्ष नाही!" सौभाग्यवतींनी निकाल दिला. वास्तविक माझे वडील मिरचीच्या रंगावरून तिखटपणा सांगत! त्यांचा बिचाऱ्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. आई मात्र हळूच म्हणाली, "माझे अण्णा पूजेसाठी जास्वंदी चाचपून तोडायचे. पानांत फुलं दिसायचीच नाहीत त्यांना."

अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टनही आमच्यातलाच, आणि त्याचा भाऊसुद्धा. १७९४ साली त्याने या दोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, अशी त्याची समजूत. मेल्यावर डोळा उघडून बघा, असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ साली बघितलं, तर द्रव स्वच्छ! जपून ठेवलेल्या त्याच डोळ्याची १९९५ साली तपासणी झाली, तेव्हा कळलं की हिरव्या रंगाचं जनुकच गैरहजर होतं.

हे जनुक असतं एक्स गुणसूत्रावर. बायकांकडे एक्स दोन; एक बिघडला तर दुसरा संसार सांभाळतो. आम्हा पुरुषांकडे एकच, तोही आईने दिलेला. बाप मुलाला वाय देतो, म्हणून माझा मुलगा सुटला. मुलीला मात्र माझा एक्स जाणारच होता. तिला सगळे रंग स्वच्छ दिसतात. पण तिच्या मुलाच्या वेळी नाणेफेक ठरलेली.

गेल्या महिन्यात नातवाने झाड काढलं. पानं झकास तपकिरी! बाईंचा शेरा पाहून लेक त्याच्यावर डाफरली, "लक्ष कुठे असतं तुझं?"

वाक्य ओळखीचं होतं. मी म्हटलं, "त्याला रागावू नकोस. हे माझ्याकडून गेलंय."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कसं? पाकीट माझं, पत्ता त्याचा. तू आपली टपाल पोचवणारी. आत काय आहे, ते तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

ती हसली; पण डोळे पुसतच.

मग तिने खडूंवर रंगांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. नातू माझ्याजवळ सरकला. "आजोबा, तुम्हालापण पानं अशीच दिसतात?"

"अगदी अशीच."

त्याने खोल विचार केला. "मग आपण दोघं आहोत. बाई एकट्याच आहेत. त्यांनाच नीट दिसत नसेल!"